आधीं रेघ ओढा

गणिताच्या परीक्षेंत जे प्रश्न मुलें सोपे समजतात, त्याच प्रश्नांत त्यांचे गुण पुष्कळदां जातात, हा गणित शिकविणाऱ्यांचा नेहमींचा अनुभव आहे. संख्यारेषेवरील अंतराचे प्रश्न याच जातीचे होत. एका सरळ रेषेवर दोन बिंदु दिलेले असतात व त्यांमधील अंतर काढावयाचें असतें. ज्याला वजाबाकी येते त्याला यांत अवघड तें काय, असें कोणासही वाटेल. पालकही तेंच विचारतात. "आमच्या मुलास वजाबाकी येते, सूत्र तोंडपाठ आहे, मग या प्रश्नाचा गुण गेला कसा?" हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर देण्याचा प्रयत्न पुढील ओळींत केला आहे.

प्रस्तुत लेखकाचें मत थोडक्यांत असें आहे कीं, या प्रश्नांत वजाबाकी चुकून जाणारे गुण थोडे. प्रश्नांत जें सांगितलेलें नाहीं तें आपल्या मनानें गृहीत धरून जाणारे गुण फार. यावर उपाय एखादें नवें सूत्र नाहीं. एक जुनी व साधी संवय आहे, ती अशी कीं, उत्तराच्या पर्यायांकडे दृष्टि वळविण्यापूर्वीं कागदावर एक रेघ ओढावी आणि दिलेले बिंदु तिजवर मांडावे. बहुपर्यायी परीक्षांच्या घाईंत ही संवय मोडत चालली आहे. शिकवणीच्या वर्गांतील आडवाटा तिला जशा मोडतात, तसाच "लवकर सोडव, लवकर सोडव" हा घरांतला आग्रहही मोडतो. म्हणून हा लेख मुलांइतकाच त्यांच्या आईबापांसाठींही आहे.

प्रथम अंतर म्हणजे काय तें पाहूं. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसापासून रेल्वेनें लोणावळें १२८ किलोमीटर आहे व पुणें १९२ किलोमीटर आहे. लोणावळें ते पुणें अंतर किती? १९२ मधून १२८ वजा करून ६४, हें लहान मूलही सांगेल. आतां असें समजा कीं, मोजणी मुंबईपासून न करितां लोणावळ्यापासून करावयाची आहे. लोणावळ्यास शून्य मानिलें. पुण्याकडील दिशा धन मानिली, मुंबईकडील ऋण मानिली. मग पुणें ६४ वर येईल आणि मुंबई −१२८ वर. मुंबई ते पुणें अंतर आतां किती? रूळ कांहीं हलले नाहींत, स्टेशनेंही जागचीं हललीं नाहींत. तेव्हां अंतर १९२ च असलें पाहिजे. परंतु तें मिळविण्यासाठीं या वेळीं ६४ व १२८ यांची बेरीज करावी लागते. एकदां वजाबाकी आणि एकदां बेरीज, येथेंच मुलाचा गोंधळ उडतो. नीट पाहिलें तर दोन्ही वेळीं आपण एकच क्रिया केली आहे. मोठ्या संख्येंतून लहान संख्या वजा केली, एवढेंच. ६४ मधून −१२८ वजा करणें म्हणजेच ६४ मध्यें १२८ मिळविणें होय. शून्य कोठेंही ठेवा, अंतर तेंच राहतें. २०१७ सालीं निघालेल्या बालभारतीच्या नववीच्या गणिताच्या दुसऱ्या भागांतही हाच नियम आहे कीं, अंतर काढतांना मोठ्या निर्देशकांतून लहान निर्देशक वजा करावा. याहून अधिक नियमाची गरज नाहीं.

असें असतां मुलांस एक आडवाट शिकविली जाते, "चिन्हें सारखीं असतील तर वजा करा, भिन्न असतील तर मिळवा." हा नियम खोटा नाहीं. चिन्हें बाजूस ठेवून नुसत्या आंकड्यांस तो लाविला तर उत्तर बरोबर येतें. −९ व −२ यांचीं चिन्हें सारखीं, म्हणून ९ मधून २ जाऊन ७. −४ व ७ यांचीं चिन्हें भिन्न, म्हणून ४ व ७ मिळून ११. मग आक्षेप कोणता? आक्षेप असा कीं, पूर्णांकांच्या बेरजेचा जो नियम याच मुलानें सहावींत पाठ केलेला असतो, तो याच्या बरोबर उलट आहे. तेथें चिन्हें सारखीं असतील तर मिळवावयाचें आणि भिन्न असतील तर वजा करावयाचें. एकाच डोक्यांत, जवळजवळ एकाच शब्दांत, परस्परांच्या उलट असे दोन नियम कोंबले आणि परीक्षेच्या घाईंत त्यांतला एक उपसून काढावयास सांगितलें, तर हातीं कोणता लागेल याचा नेम काय? म्हणूनच −४ व ७ यांमधील अंतर ३, आणि −९ व −२ यांमधील अंतर ११, अशीं उत्तरें उत्तरपत्रिकेंत दिसतात. प्रश्न काढणाऱ्यास ही खोड ठाऊक असते, आणि हे चुकीचे आंकडे तो पर्यायांत मुद्दाम बसवितो. मुलाला आपलें उत्तर पर्यायांत दिसतें, त्याला धीर येतो, आणि तो पुढें जातो. ज्यानें रेघ ओढली आहे त्याला मात्र दोहोंपैकीं एकही नियम आठवावा लागत नाहीं. −४ पासून शून्यापर्यंत चार घरें, शून्यापासून सातापर्यंत सात घरें, मिळून अकरा. हें त्याला दिसतें, आणि दिसलेली गोष्ट घाईंतही सहसा उलटी होत नाहीं.

येथवर सांगितला तो लहान धोका. मोठा धोका पुढेंच आहे. हा प्रश्न पाहा. अ, ब, क हे एका रेषेवरील तीन बिंदु आहेत. अ व ब यांमधील अंतर ९ आहे. ब व क यांमधील अंतर ४ आहे. तर अ व क यांमधील अंतर किती? कोणत्याही वर्गांत हा प्रश्न विचारा, पहिलें उत्तर "१३" असें येईल. आपण अ, ब, क अशा क्रमानें बोलतों, म्हणून रेषेवरही ते त्याच क्रमानें बसले असतील, असें मुलांनीं न कळत धरलेलें असतें. प्रश्नानें तसें कोठेंही सांगितलेलें नाहीं. ब पासून क हा अ च्या विरुद्ध बाजूस चार घरें गेला तर अ-क अंतर १३ होईल. तो अ च्याच बाजूस चार घरें आला तर तें ५ होईल. दोन्ही उत्तरें सारखींच खरीं आहेत. आतां याच रेषेवर क पासून २ अंतरावर ड हा चौथा बिंदु घ्या आणि अ-ड अंतर विचारा. उत्तरें चार येतात, १५, ११, ७ आणि ३. प्रत्येक नवा बिंदु दोन वाटा उघडतो, आणि ज्यानें एकच वाट पाहिली त्यानें प्रश्न अर्धाही सोडविला नाहीं. नववीच्या पुस्तकांत "दरम्यानता" या नांवाचा जो लहानसा भाग आहे, तो पुष्कळ मुलें सोपा म्हणून वरवर चाळतात. त्याचें मर्म हेंच आहे. तीन बिंदूंपैकीं कोणता बिंदु इतर दोहोंच्या मध्यें आहे, हें नांवावरून ठरत नाहीं; दोन अंतरांची बेरीज तिसऱ्या अंतराइतकी भरली तरच ठरतें.

हाच धोका गुणोत्तराच्या प्रश्नांतही लपलेला असतो. प हा बिंदु −५ वर आहे व फ हा १३ वर आहे. याच रेषेवर म हा बिंदु असा आहे कीं, त्याचें प पासूनचें अंतर फ पासूनच्या अंतराच्या दुप्पट आहे. म कोठें आहे? प-फ अंतर १८. त्याचे तीन भाग केले, दोन भाग प कडे दिले, म्हणून म हा ७ वर, असें बहुतेक मुलें सांगतील. हें उत्तर बरोबर आहे, परंतु तें एकटें नाहीं. म हा फ च्या पलीकडे ३१ वर असला तर त्याचें प पासूनचें अंतर ३६ व फ पासूनचें १८ होतें. अटही पुरी होते. प्रश्नांत "रेषाखंड प-फ वर" असें असतें तर ७ हें एकच उत्तर राहिलें असतें. "रेषा" आणि "रेषाखंड" या दोन शब्दांत एका गुणाचें अंतर आहे, आणि प्रश्न शब्दशः वाचणाऱ्यासच तें कळतें.

कोणी म्हणेल कीं, हीं शिक्षकांचीं नुसतीं कोडीं आहेत. परीक्षेंत दोन उत्तरांचा प्रश्न कोण घालतो? तर तसे प्रश्न घातले गेले आहेत. इयत्ता आठवीच्या शिष्यवृत्ति-परीक्षेच्या २०१६-१७ पासूनच्या स्वरूपांत कांहीं प्रश्नांच्या चार पर्यायांपैकीं दोन पर्याय बरोबर ठेवण्यांत आले, आणि दोन्ही नोंदविणें आवश्यक ठरविण्यांत आलें. "३ पासून ५ अंतरावर असलेली संख्या कोणती?" असा प्रश्न अशा परीक्षेस किती साजेल, याचा विचार वाचकांनींच करावा. जो मुलगा ३ मध्यें ५ मिळवून ८ वर खूण करितो व थांबतो, त्यानें बेरीज बरोबर केली. तरी त्याच्या पदरांत गुण पडणार नाहीं, कारण −२ ही संख्याही तितकीच दूर आहे. ज्यानें रेघेवर ३ मांडून दोन्ही बाजूंस पाहिलें, त्याची दुसरी खूण चुकणार नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांचे वडील बंधु व भगिनी पदवीनंतर परदेशीं जाण्यासाठीं जी. आर. ई. नांवाच्या अमेरिकन परीक्षेस बसतात. तिजमध्यें तुलनेचे प्रश्न असतात. दोन राशि दिलेल्या असतात आणि पर्याय नेहमीं चारच असतात, पहिली मोठी, दुसरी मोठी, दोन्ही समान, अथवा दिलेल्या माहितीवरून ठरवितां येत नाहीं. वरील अ-ब-क चा प्रश्न तेथें घातला आणि अ-क अंतराची १० शीं तुलना करावयास सांगितलें, तर खरें उत्तर चौथें येईल. कारण अंतर १३ असेल तर तें मोठें, ५ असेल तर लहान. पदवीधर उमेदवारही येथें घसरतात, तें गणित येत नाहीं म्हणून नव्हे. "ठरवितां येत नाहीं" असें म्हणण्याचें धैर्य त्यांस होत नाहीं म्हणून. याच परीक्षेचा आणखी एक नियम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. तीमधील भूमितीच्या आकृत्या प्रमाणांत काढलेल्या असतीलच असें नाहीं, परंतु संख्यारेषा मात्र प्रमाणांत काढलेल्या असतात, असें परीक्षा घेणारे आधींच सांगून ठेवतात. म्हणजे छापलेल्या संख्यारेषेवर बिंदूंचा क्रम व दुरावा डोळ्यांनीं पाहून विश्वासानें वापरावा. रेषा छापलेली नसेल तेथें मात्र कोणताही क्रम गृहीत धरूं नये. कशावर विश्वास ठेवावा व कशावर ठेवूं नये, हें आधीं वाचून घेणें हाही गणिताचाच भाग आहे.

आतां एक निराळी चूक पाहूं. ती खुणा आणि घरें यांच्या घोटाळ्याची आहे. संख्यारेषेवर २ व ५ यांच्या मध्यें समान अंतरावर पांच खुणा आहेत. तिसरी खूण कोणती संख्या दाखविते? मूल पांच खुणा पाहतें, ३ ला ५ नीं भागतें, एकेक घर ०·६ धरतें, आणि ३·८ असें उत्तर देतें. परंतु मध्यें पांच खुणा असल्या तर घरें सहा होतात, जसें एका ओळींत सात खांब रोवले तर मध्यें सहाच गाळे राहतात. एकेक घर अर्ध्याचें आहे, म्हणून तिसरी खूण ३·५ ची. ही चूक बोटानें घरें मोजणाऱ्या मुलाकडून होत नाहीं. नुसत्या आंकड्यांवर झडप घालणाऱ्याकडून होते.

वरच्या इयत्तांत हाच विषय "केवल मूल्य" या नांवानें पुन्हां येतो आणि मुलांस अगदीं नवा वाटतो. दोन उभ्या रेघांमधील |क्ष − ३| = ५ अशी मांडणी पाहून त्यांस भीति वाटते. त्यांस एवढेंच सांगावें कीं, |क्ष − ३| म्हणजे क्ष चें ३ पासूनचें अंतर. तें ५ आहे, म्हणून क्ष हा ८ किंवा −२. |क्ष + ४| असें असेल तर तें क्ष चें −४ पासूनचें अंतर. ४ पासूनचें नव्हे. एवढें पक्कें झालें कीं पुढचीं कोडीं आपोआप उलगडतात. |क्ष − २| + |क्ष − ७| याची किंमत कमींत कमी किती? २ व ७ यांच्या मध्यें कोठेंही उभे राहा, दोन्ही टोकांपर्यंतचीं अंतरें मिळून ५ च होतात. बाहेर गेलां कीं वाढतात. म्हणून उत्तर ५. आणि हीच बेरीज ९ व्हावी असें म्हटलें तर एका टोकापासून २ घरें बाहेर जावें, म्हणजे क्ष हा ० किंवा ९. चार ओळींची बीजगणिताची खटपट एका रेघेंत आटोपली.

हें रेघेचें साधन परदेशांतूनच आलें असें समजूं नये. धन, ऋण व शून्य यांचे नियम ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें दिले. भास्कराचार्यांच्या बीजगणितावर "बीजपल्लव" नांवाची टीका इ. स. १६०० च्या सुमारास कृष्ण दैवज्ञ यांनीं लिहिली. त्यांचें घराणें मूळचें आपल्या विदर्भांतील. ऋण म्हणजे काय हें त्यांनीं दिशेच्या दृष्टांतानें समजाविलें आहे. पूर्वेकडील चाल धन मानिली तर तिच्या उलट, पश्चिमेकडील चाल ऋण. इंग्लंडांत जॉन वॉलिस यानें १६८५ च्या आपल्या बीजगणितावरील ग्रंथांत असाच चालणारा माणूस कल्पिला आहे. तो पांच यार्ड पुढें जातो, आठ यार्ड मागें येतो, आणि निघाल्या जागेच्या तीन यार्ड मागें उभा राहतो. केवल मूल्याच्या त्या दोन उभ्या रेघा तर पुष्कळ मागाहून, १८४१ सालीं, वायरस्ट्रास या जर्मन गणित्यानें वापरल्या. म्हणजे चालणें व दिशा हीं आधीं आलीं, चिन्ह मागून आलें. हल्लीं मुलांस चिन्ह आधीं शिकविलें जातें आणि चालणें वेळ उरला तर, हा क्रम उलटा आहे असें मला वाटतें.

रेघ ओढण्यापूर्वीं ती कोणती रेघ आहे हेंही पाहिलें पाहिजे, याचें एक उदाहरण इतिहासांतलें आहे. रोमचा बादशहा ऑगस्टस इ. स. पूर्वीं ६३ मध्यें जन्मला व इ. स. १४ मध्यें वारला. −६३ व १४ यांमधील अंतर ७७. तेव्हां तो ७७ वर्षें जगला काय? नाहीं. संख्यारेषेवर शून्य आहे, परंतु सनावळींत शून्य वर्ष नाहीं, इ. स. पूर्व १ नंतर लगेच इ. स. १ येतें. म्हणून एक वर्ष कमी करावें लागतें व ७६ उरतात. तो सप्टेंबरांत जन्मला आणि ऑगस्टांत वारला, म्हणून त्यासही महिनाभर कमीच पडला. मरतेवेळीं त्याचें वय ७५ पूर्ण होतें. वजाबाकी अचूक असूनही उत्तर दोन वर्षांनीं चुकूं शकतें, तें असें.

आतां पालकांचा मुख्य आक्षेप. ते म्हणतील, "हें सर्व खरें, पण परीक्षेंत वेळ कोठें आहे?" वेळेचा हिशेबच पाहूं. जी. आर. ई. च्या सप्टेंबर २०२३ पासूनच्या स्वरूपांत गणिताच्या २७ प्रश्नांस ४७ मिनिटें आहेत. म्हणजे दर प्रश्नास सरासरी पावणेदोन मिनिटें. अमेरिकेंतील महाविद्यालयांच्या प्रवेशासाठीं असलेल्या सॅट परीक्षेंत, ती संगणकावर घेतली जाऊं लागल्यापासून, ४४ प्रश्नांस ७० मिनिटें आहेत. म्हणजे दीड मिनिटाहून किंचित अधिक. एक रेघ ओढून तिजवर तीन बिंदु मांडावयास दहा सेकंदांहून अधिक वेळ लागत नाहीं. वेळ खरोखर जातो तो अन्यत्र. दोन नियमांपैकीं कोणता लावावा या द्विधेंत, खोडून पुन्हां लिहिण्यांत, आणि शेवटीं मनांत शंका ठेवून पुढील प्रश्नाकडे जाण्यांत तो जातो.

दुसरा आक्षेप असा कीं, पर्याय दिलेलेच आहेत. एकेक घालून पाहावा, जुळेल तो घ्यावा. ही युक्ति गैर नाहीं, व ती मुलांस आली पाहिजे. परंतु तिला मर्यादा आहेत. पहिला पर्याय जुळला कीं मूल थांबतें, आणि दुसरा जुळणारा पर्याय पाहतच नाहीं. शिवाय सॅटमध्यें सुमारें एक चतुर्थांश प्रश्नांस पर्यायच नसतात. उत्तर स्वतः लिहावें लागतें. आपल्याकडील जे. ई. ई. मेन परीक्षेंत बरोबर पर्यायास चार गुण मिळतात व चुकीच्या पर्यायास एक गुण कापला जातो. तेथें अंदाजानें मारलेली उडी महागांत पडते. पर्यायांच्या आधारानें चालण्यास शिकलेलें मूल पर्याय काढून घेतले कीं लंगडतें. रेघेच्या आधारानें चालणाऱ्याचा आधार त्याच्याच हातांत असतो.

आणि हा विषय केवळ एका गुणाचा आहे असेंही नाहीं. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ति-परीक्षेस आठवींतील जीं मुलें बसतात, त्यांपैकीं कित्येकांच्या घरीं ती शिष्यवृत्ति म्हणजे पुढील इयत्तेचीं पुस्तकें, वह्या व गाडीभाडें असतें. तेथें गुणवत्तायादींत वर किंवा खालीं जाण्यास एखादा गुणही पुरतो. ज्या घरीं शिकवणीस देण्यास पैसा नाहीं, त्या घरच्या मुलास तर ही संवय विशेष उपयोगाची, कारण तिला एक पेन्सिल व कागदाचा एक तुकडा याहून अधिक कांहीं लागत नाहीं. महागड्या वर्गांतली आडवाट आपल्याला मिळाली नाहीं म्हणून अशा मुलानें खिन्न होऊं नये. त्या आडवाटेची गरज रेघ न ओढणाऱ्यासच लागते.

पालकांस एकच विनंति आहे. मूल घरीं गणित सोडवीत असतां "उत्तर किती आलें?" असें प्रथम विचारूं नका, "रेघ कोठें आहे?" असें विचारा. त्यासाठीं तुम्हांस स्वतःस गणित येण्याची आवश्यकता नाहीं. ज्या मातेनें शाळेचें तोंड पाहिलें नाहीं, तीही "हा बिंदु याच बाजूस कां मांडलास? दुसऱ्या बाजूस कां नाहीं?" एवढें विचारूं शकते, आणि याहून चांगला प्रश्न गणिताच्या शिक्षकासही सुचणार नाहीं. मूल उत्तर देऊं शकलें तर त्यास समजलें आहे. अडखळलें तर त्यास पुन्हां विचार करण्याची संधि मिळाली. रागावण्याचें कारण दोहोंतही नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस सांगणें याहून थोडें आहे. प्रश्न दोनदां वाचा. जें दिलें आहे तेवढेंच रेघेवर मांडा. जें दिलें नाहीं तें मांडण्याची पाळी आली कीं थांबा, आणि दुसऱ्या बाजूसही एकदां पाहा. दोन उत्तरें निघालीं तर दोन्ही लिहा. कांहींच ठरत नसेल तर ठरत नाहीं असें निःशंकपणें म्हणा. शाळा सुटल्यावर संख्यारेषेचे प्रश्न तुम्हांस कोणी विचारणार नाहीं. परंतु अर्धवट ऐकून माणसांविषयीं मत बनविण्याचे, आणि एकच बाजू पाहून निवाडा करण्याचे प्रसंग रोज येतील. त्या वेळीं "मला जें सांगितलें आहे तें कोणतें, आणि मी आपल्या मनानें धरलें आहे तें कोणतें?" असें ज्यास विचारतां येईल, त्याचा गणिताच्या तासाचा वेळ वायां गेला नाहीं असें समजावें.